दहाची चव

रविवार, १९ ऑक्टोबर १८८४

ताप उतरला. जाताना जीभ घेऊन गेला.

नऊ दिवसांनी आज टेबलाशी बसून जेवलो. सेन्सीने सगळं माझ्या आवडीचं केलं होतं — भाजलेलं डुकराचं मांस, आंबवलेला कोबी, बटाट्याचे गोळे. पहिला घास घेतला आणि वाटलं, ही बया मीठ विसरली. दुसरा घेतला — ही तर सगळंच विसरली! मग मोहरीची चटणी चमचाभर तोंडात टाकली. नाक झणझणलं, डोळ्यांतून पाणी आलं, पण चव म्हणाल तर काही नाही. ओला कापूस चघळावा तसं.

"कसं झालंय?" सेन्सी.

"उत्तम."

सव्वीस वर्षांच्या संसारात बायकोशी भांडलो खूप, पण इतकं सरळ खोटं कधी बोललो नव्हतो.

डॉक्टर ग्राफला गाठलं. त्याने तोंडात दिवा घालून पाहिलं, जीभ ओढली, मान हलवली. "तापात जाते कधीकधी. येईल परत. महिन्याने येईल, वर्षाने येईल."

"आणि नाही आली तर?"

"तर बायकोच्या हातचं खाणं सोपं जाईल." आणि हसला! त्याच्यासाठी हा विनोद. सुताराचा हात तोडून त्याला सांगा, आता तुला कुसळ लागणार नाही.

त्याला बजावलं, कुणाला बोलायचं नाही. तो म्हणाला, "डॉक्टर आहे मी, न्हावी नाही." बघू.

सोमवार, २० ऑक्टोबर

दहा वाजता तळघरात उतरलो. पाय लटपटत होते, ते तापाने असं सगळ्यांना वाटलं. बरं झालं.

चौदा माणसं आपापले मग घेऊन ओळीत उभी. तळघर सांभाळणाऱ्या आंब्रोसने पिंपाची तोटी सोडली, काचेच्या पेल्यात बिअर काढून माझ्या हातात दिली. हा नियम मीच घातला, एकसष्ट साली. रोज दहाला मालक चाखणार, 'चांगली आहे' म्हणणार, मगच माणसांचे मग भरायचे आणि मगच पिंपं गाडीवर चढायची. माझ्या आधी कुणी ओठ लावायचे नाहीत. माझ्यानंतर कुणी तोंड उघडायचं नाही, प्यायला सोडून. तेवीस वर्षं झाली. जिल्हाभर लोक म्हणतात, राइंडलच्या जिभेला पिंपाच्या लाकडाचं वय कळतं.

घोट घेतला. गार लागली. जिभेला टोचली. बस्स.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले, नेहमी लावतो तेवढाच वेळ लावला. नाटकवाले काय करतील!

"चांगली आहे."

माणसांचे मग भरले गेले. वेंडेलिन पिंपवाला नेहमीप्रमाणे म्हणाला, "मालकांची तब्येत चांगली, बिअर चांगली, आता फक्त माझी बायको चांगली व्हायची राहिलीय." सगळे हसले. मीही हसलो.

वर येऊन खुर्चीत बसलो तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आज चांगली. म्हणे!

शनिवार, १ नोव्हेंबर

सर्व संतांचा सण. चर्चमधून आल्यावर दहाची चव घेतली — सण असो नसो, बिअर वाट बघत नाही.

आंब्रोस आज पेला भरायला पिंपाच्या मागे गेला, तिथे जरा रेंगाळला. पेला दिल्यावर नेहमी बाजूला होतो, आज माझ्यासमोर उभाच राहिला. मी चाखली, "चांगली आहे" म्हणालो. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग वळला आणि बर्फाच्या खोलीत गेला. स्वतःचा मगही भरला नाही.

म्हातारा झालाय. साठी उलटली. माझ्याहून चार वर्षांनी मोठा.

बुधवार, १९ नोव्हेंबर

महिना झाला. जीभ नाही, पण भट्टी झोकात चाललीय! या हंगामात एक पिंप परत आलं नाही. गावातले गुत्तेवाले म्हणतात, राइंडल, तापातून उठलास आणि बिअर आणखी सुधारलीस.

मला युक्ती सापडलीय. फेस किती वेळ टिकतो ते बघायचं. उजेडात धरून स्वच्छ आहे का बघायचं. जिभेला टोचते किती, गार किती. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, पेला हातात देताना आंब्रोसचा चेहरा. तो शांत असला की काळजी नाही. आणि तो हल्ली रोज शांत असतो.

कधी वाटतं, जिभेचं एवढं कौतुक उगाच. तीस वर्षं या धंद्यात मुरल्यावर माणूस डोळ्यांनीही चाखतो.

गुरुवार, ११ डिसेंबर

सेन्सीने सूप वाढलं, म्हणाली, "काय कमी आहे सांग."

"काही नाही. झकास."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्यापुढचं सूप उचललं, स्वयंपाकघरात गेली आणि दुसरं घेऊन आली.  का, ते मी विचारलं नाही.

गुरुवार, २५ डिसेंबर

नाताळ. आंब्रोस आणि त्याची बायको बुर्गी जेवायला. दरवर्षीप्रमाणे. त्यांना मूलबाळ नाही, आमचा पोरगा सातव्या वर्षी घटसर्पाने गेला, तेव्हापासून आम्ही चौघंच बसतो भाजलेल्या हंसाभोवती.

आज माझ्या बोलण्याला ऊत आला होता. ब्रेमेनहून निघालेल्या जहाजावर आंब्रोस एकोणचाळीस दिवस ओकत होता, ती गोष्ट पुन्हा सांगितली. त्रेपन्न साली न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा दोघांत मिळून एकच धड बूट होता. इथे विस्कॉन्सिनला येऊन टेकडीत तळघर खोदलं, दोन हिवाळे, चुनखडीचा दगड, फक्त आम्ही दोघं आणि एक पहार. पहिली भट्टी म्हणजे साबणवाल्याची जुनी कढई! सहा महिने बिअरला साबणाचा वास येई आणि यँकी लोक म्हणत, जर्मनांची बिअर अशीच असते वाटतं. बुर्गी हसून हसून खोकायला लागली.

"जमीन माझ्या नावावर घेतली तेव्हा हा म्हणाला, तू मालक हो, मला हिशेब जमत नाहीत," मी सांगितलं.

"अजून जमत नाहीत," आंब्रोस म्हणाला. "पण बिअर कळते."

साधंच बोलला. मी मात्र हातातला काटा खाली ठेवला. असं का म्हणाला?

गुरुवार, १५ जानेवारी १८८५

डोकं अजून तापलेलं आहे. नीट लिहून काढतो.

चोवीस तारखेला गावच्या गायन मंडळाचा पंचविसावा वाढदिवस. तीनशे पाहुणे, दोन गावांची मंडळं, बिअर आपली. मी सांगितलं, उत्तरेच्या रांगेतली पिंपं पाठवा, ती नोव्हेंबरपासून पडून आहेत, मुरली असतील.

आंब्रोस सगळ्यांसमोर म्हणाला, "मालक, दक्षिणेची पाठवू या."

"का?"

गप्प.

"उत्तरेच्या पिंपातली काढ," म्हणालो. "चाखून बघू."

त्याने काढली.  मी तोंडात घेतली. गार. टोचली, नेहमीपेक्षा जराशी जास्तच. बाकी काय कळणार, कपाळ! उजेडात धरली, स्वच्छ वाटली. फेस बरा होता. आंब्रोसचा चेहरा बघितला तर तो जमिनीकडे बघत होता.

चौदा माणसं वाट बघत होती. मला एकच दिसत होतं — याला कळलंय. माझं गुपित याला कळलंय आणि हा सगळ्यांसमोर माझी परीक्षा बघतोय. मी डगमगलो तर संपलं.

"चांगली आहे! हीच जाणार."

माणसांचे मग भरले. वेंडेलिनने घोट घेतला आणि त्याच्या ओठाचा कोपरा हलला. दात दुखत असेल. बाकीच्यांनी आपापले मग रिकामे केले.  वेंडेलिनने विनोदही केला नाही.

नंतर आंब्रोस कचेरीत आला. दार लावून घेतलं. एकटे असलो की तो मला नावाने हाक मारतो.

"कोर्बी, दक्षिणेची पाठव. माझं ऐक."

"कारण सांग."

"कारण विचारू नकोस. तुझ्यासाठीच म्हणतोय."

"माझ्या जिभेवर शंका घेतोस?"

तो बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिला. "नाही," म्हणाला. "शंका नाही."

"मग नीघ."

गेला. त्याच क्षणी त्याला परत बोलवून सगळं सांगून टाकायला हवं होतं. उठलोही होतो. मग वाटलं, त्याला खरंच माहीत नसेल तर? आपणच आपल्या हाताने सांगायचं? बसलो परत.

रविवार, २५ जानेवारी

लाज. लाज. लाज.

काल सभागृहात झालं ते लिहायला हात उचलत नाही. सगळं मंडळ व्यासपीठावर उभं, छातीवर फिती. ओट मास्तर — शाळेचे हेडमास्तर, मंडळाचे अध्यक्ष — भाषण करून थांबले, हातातला मग वर करून म्हणाले, "आपल्या कोर्बिनिअन राइंडलच्या नावाने!" आणि मोठा घोट घेतला. आणि व्यासपीठावरच, फुलांच्या कुंडीत, थुंकले.

 मग एकेकाने चाखली. एकेकाचं तोंड वाकडं. बायका मग घेऊन दाराशी गेल्या आणि बर्फात ओतू लागल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "राइंडल, कोशिंबीर कुठे आहे? व्हिनेगर तर आलं!" तीनशे माणसं हसली. तीनशे! ज्यांच्या लग्नांत, बारशांत, मयतीत माझी बिअर वाहिली, ती माणसं.

अर्ध्या तासात गोठलेल्या नदीवरून घसरगाडी घालून पलीकडच्या कारखान्याची पिंपं आणली. लोकांनी तीच पिऊन माझ्या गावात, माझ्या मित्रांच्या वाढदिवसाला गाणी म्हटली. मी मधल्या बाकावर बसून होतो. उठून जावं तर आणखी हसतील. ओट मास्तर येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होतं असं, राइंडल." तो हात सगळ्यांत जड होता.

आंब्रोस भिंतीशी उभा होता. त्याने मात्र आमचाच मग शेवटपर्यंत प्यायला. मी पाहिलं.

सोमवार, २६ जानेवारी

दहा वाजता सगळे जमले. मी पेला मागितलाच नाही.

"पंधरा तारखेला हे पिंप मी चाखलं. तुमच्यासमोर. चांगलं होतं. हो की नाही?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकेकाची मान हलली. हो, मालक.

"इथून चांगलं निघालं, तिथे आंबलं. म्हणजे ज्या छोट्या पिंपांत भरून नेलं, त्यांत घाण होती. ती धुवून घेणं कुणाचं काम?"

वेंडेलिनने तोंड उघडलं. आंब्रोसने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने ते मिटलं.

"माझं," आंब्रोस म्हणाला.

मला वाटलं होतं तो भांडेल. शपथ, मला ते हवं होतं! त्याने ओरडायला हवं होतं — तुझी जीभ मेलीय, सगळ्यांना सांगू का? मग मीही ओरडलो असतो आणि कदाचित सगळं तिथेच फुटून मोकळं झालं असतं. तो म्हणाला, "मालक म्हणतील तसं." अहो-जाहो, सगळ्यांसमोर बोलतो तसं. आणि नंतर कचेरीत एकटे होतो तेव्हाही तसंच.

त्याने कामाची वही पुढे केली, नव्या मालकाला दाखवावी लागते ती. एकतीस वर्षांत त्या वहीत एकच नोंद, माझ्याच हातची. तिच्याखाली लिहिलं — 'अस्वच्छतेमुळे कामावरून कमी केले.' सही केली.

त्याने वाचलं. शाई ओली होती म्हणून तिच्यावर हळू फुंकर मारली, वाळल्याची खात्री केली, मग वही मिटून कोटाच्या आत ठेवली. "येतो, मालक."

ही ओळ घेऊन तळघराच्या माणसाला विस्कॉन्सिनमध्ये कुणी दारातही उभं करणार नाही. मला माहीत आहे. लिहिताना माहीत होतं.

मंगळवार, २७ जानेवारी

सेन्सी माझ्याशी बोलत नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

तळघर वेंडेलिनकडे दिलं. तो पिंपं बांधतो फर्स्टक्लास, पण आतल्या मालाची अक्कल तेवढीच जेवढी पिंपाला. मी म्हणतो कुठलं काढू? तो म्हणतो, मालक सांगतील ते. मी सांगतो! मी कशाच्या जोरावर सांगतो? आज तिसरं, उद्या पाचवं. त्याच्या चेहऱ्याकडे बघतो तर तो माझ्याकडे बघत असतो. दोन आंधळे एकमेकांना रस्ता विचारतायत.

या आठवड्यात तीन गुत्त्यांतून पिंपं परत. चौथ्याने परत पाठवलं नाही, नुसतं पुढचं मागवलं नाही. हे जास्त वाईट.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

नदीवर बर्फ कापणं चालू झालंय, म्हणून बघायला गेलो. दरवर्षी जातो. कंत्राटदार माणसं लावतो, लाद्या घसरगाड्यांवरून आपल्या तळघरात येतात. हाडं फुटतील अशी थंडी. पंचवीस-तीस गडी लांब करवती घेऊन ओळीने, सगळे वीस-बावीस वर्षांचे. आणि ओळीच्या टोकाला एक वाकलेला.

ओळखायला वेळ लागला, कारण त्याने तोंडाला फडकं बांधलं होतं. मग करवत खाली सोडताना आधी एक श्वास घेण्याची त्याची सवय दिसली. पहार मारतानाही तो असाच श्वास घ्यायचा.

कंत्राटदार म्हणाला, "म्हातारा स्वतः आला. म्हटलं तुला झेपणार नाही, तर म्हणतो, कुठेच ठेवत नाहीत, इथे तरी ठेव. चिवट आहे पण!"

आंब्रोस माझ्या तळघरासाठी बर्फ कापतोय. त्याने पाठवलेल्या बर्फावर माझी बिअर थंड राहणार.

त्याने मला पाहिलं नाही. पाहिलं असेल तर दाखवलं नाही. मी काठावरूनच वळलो.

बुधवार, १८ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. पाद्रीबुवांनी कपाळाला राख लावली. माझ्या पुढे रांगेत बुर्गी होती. वळताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकली, रस्त्यात ओलं काही पडलं असेल तर माणूस सरकतो तशी.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

बुर्गी कचेरीत आली. शाल काढली नाही. बस म्हटलं, बसली नाही. या बाईला मी तीस वर्षं 'वहिनी' म्हणतो, आज तसं म्हणायला धजलो नाही. ती काय काय बोलली ते सगळं आठवतंय. विसरता आलं तर बरं होईल.

"त्याची दोन बोटं काळी पडलीत," म्हणाली. "डॉक्टर ग्राफ म्हणतात, कापावी लागतील. तरी उद्या जाणार म्हणतो. मी भीक मागायला नाही आले, कोर्बिनिअन. त्याला परत घेऊ नका. तुमच्या तळघराचं तोंड आम्हाला बघायचं नाही. त्या वहीतली ओळ तेवढी खोडा."

मी म्हणालो, बघतो. खरंच असंच म्हणालो — बघतो!

मग तिचा बांध फुटला. "काय बघता? तुम्हाला चव कळत नाही, तुम्ही बघता काय?"

मी उभा राहिलो.

"त्याला सर्व संतांच्या दिवसापासून माहीत आहे. शंका होती म्हणून त्याने तुमच्या पेल्यात मूठभर मीठ टाकलं. मूठभर! आणि तुम्ही डोळे मिटून म्हणालात, चांगली आहे. घरी आला आणि पलंगावर बसून पोरासारखा रडला. म्हणाला, बुर्गी, कोर्बीची जीभ गेली, आता त्याचं काय उरलं? मी म्हटलं, सांगून टाक त्याला. तर म्हणाला, त्याला स्वतःला सांगावंसं वाटेल तेव्हा तो सांगेल. तोवर मी आहे."

मी परत खुर्चीत बसलो.

"तेव्हापासून रोज पहाटे पाचला जाऊन सगळी पिंपं चाखायचा. रिकाम्या पोटी! जे उत्तम असेल तेच दहाला तुमच्यासमोर आणायचा, जे बिघडलं ते गुपचूप, एकेक करून, ओतून द्यायचा. तीन महिने. गाव म्हणत होतं, राइंडलची बिअर सुधारली. सुधारली! एकदा तुम्ही त्याचं ऐकलं नाहीत. एकदाच. आणि सगळ्यांसमोर ते पिंप आंबलंय म्हणाला असता तर तुमचं काय झालं असतं? म्हणून गप्प बसला. त्या समारंभात ते विष शेवटपर्यंत प्यायला, मंडळात एक तरी मग रिकामा दिसावा म्हणून."

दाराशी गेली, थांबली. "मी इथे आलेलं त्याला कळलं तर मला घराबाहेर काढेल. तुम्ही सांगणार नाही म्हणा. तुम्हाला न सांगण्याची सवय आहेच."

शनिवार, २८ फेब्रुवारी

युक्ती म्हणे. फेस बघायचा, उजेडात धरायची. डोळ्यांनी चाखतो म्हणे! थू माझ्यावर.

एकतीस वर्षं तो माझ्या मागे उभा आहे आणि मला वाटत होतं की मी उभा आहे.

ठरवलं. नुसती ओळ खोडून भागणार नाही. ओळ खोडली तर लोक म्हणतील, मालकाला म्हाताऱ्याची दया आली. नाही. सोमवारी दहाला, चौदा जणांसमोर, सगळं सांगायचं. ऑक्टोबरपासूनचं. आणि त्याच दिवशी ओट मास्तरांना पत्र, सगळ्या मंडळात वाचून दाखवा म्हणून. मग आंब्रोसच्या घरी जायचं, टोपी हातात घेऊन. तो येईल की नाही त्याचं तो ठरवेल. आला तर तळघर त्याचं, चव त्याची, दहा वाजता पेला त्याच्या हातात. मी ओळीत उभा राहीन.

त्याच्याशिवाय भट्टी उन्हाळा बघणार नाही, हेही खरं आहे. पण त्यासाठी नाही करत मी हे. त्यासाठी नाही.

सेन्सीला सांगितलं. सगळं. ती म्हणाली, "जीभ गेलीय हे मला नाताळच्या आधीपासून माहीत आहे. मी वाट बघत होते." मग कित्येक आठवड्यांनी माझा हात हातात घेतला.

रविवार, १ मार्च

चर्चमध्ये आंब्रोस दिसला. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. माझ्याकडे बघून त्याने डाव्या हाताने टोपी उचलली, गावातल्या कुणाही मालकासमोर उचलतात तशी. मला तिथेच, प्रार्थनेच्या मधेच, ओरडून सांगावंसं वाटलं. उद्या. उद्या दहा वाजता.

काय बोलायचं ते पाठ केलं. 'माणसांनो, ऑक्टोबरपासून मी तुमच्याशी रोज खोटं बोललो.' इथून सुरुवात. पुढचं आपोआप येईल. भीती वाटतेय, पण छातीवरचा धोंडा आत्ताच हलका झालाय. कित्येक महिन्यांनी पोटभर जेवलो. चव नव्हती, तरी जेवलो.

सोमवार, २ मार्च

सकाळी कॉफी कडू लागली! आधी विश्वास बसेना. साखर चाखली, मीठ चाखलं, लोणी चाखलं. सगळं परत आलंय.

दहा वाजता खाली गेलो. चौदा जण उभे होते. वेंडेलिनने पेला दिला. चाखली. खरंच चांगली होती. तसं सांगितलं.

बाकी काही बोललो नाही.